नऊ दिवसांत मादागास्कर: आधी काय सोडायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलुंडहून तुम्ही चौघं निघणार: नवरा-बायको, अकरा वर्षांची लेक आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. हातात दिवाळीच्या सुट्टीतले नऊ-दहा दिवस. यादीत गाणारे इंद्री लेमूर (लेमूर म्हणजे माकडांचे दूरचे नातलग), बाओबाब झाडांचा तो प्रसिद्ध रस्ता, त्सिंगीचे चुनखडीचे सुळके, नोसी बेचा समुद्र आणि जमलं तर व्हेल शार्क. घरात तिघं शाकाहारी. शिवाय ‘दिवाळी की मे?’ ही शंका, आणि नणंदबाईंचा सल्ला, की एवढे पैसे घालवून तिकडे जाण्यापेक्षा मॉरिशसला जा.

गेली पंधरा वर्षं मी दादरहून आठ-दहा जणांचे गट घेऊन जंगलं दाखवते. मादागास्करला सात वेळा जाऊन आले. त्या जोरावर सांगते, यादी उत्तम आहे, पण ती तीन सहलींची आहे.

‘बेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॉरिशस येतं. सकाळी एका किनाऱ्यावर, संध्याकाळी दुसऱ्या. मादागास्कर आहे सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला महाराष्ट्र जवळजवळ दोनदा बसेल. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत साधारण १,६०० किलोमीटर. मुंबईहून निघून दिल्ली मागे टाकण्याएवढं अंतर, आणि रस्ते मात्र गणपतीच्या आठवड्यातल्या मुंबई-गोवा हायवेसारखे. राजधानी अंतानानारिवो, जिला सगळे नुसतं ‘ताना’ म्हणतात, तिथून बाओबाबच्या मोरोंडाव्याला रस्त्याने जायचं तर ७०० किलोमीटर. मोरोंडाव्याहून त्सिंगीला अजून जवळपास २०० किलोमीटर, त्यात दोन नद्या तराफ्यावर गाडी चढवून ओलांडायच्या. धूळ खात अख्खा दिवस जातो. नोसी बे तर थेट वायव्येला, बेटाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात.

‘मग विमानाने जाऊ,’ असं तुम्ही म्हणाल. मीही एकदा म्हटलं होतं. अकरा जणांचा गट मोरोंडाव्यात होता. परतीचं देशांतर्गत विमान सकाळचं. आदल्या रात्री साडेदहाला फ्रेंचमध्ये मेसेज आला, उड्डाण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, परवा. शेवटी दोन व्हॅन भाड्याने घेतल्या आणि पोराबाळांसकट रातोरात ताना गाठलं. तरी चौघांचं पुढचं विमान चुकलं ते चुकलंच. हिशेब केला तर त्या लोकांनी बाओबाब बघितले पाऊण तास, आणि त्यापायी रस्त्यात आणि विमानतळावर घालवले तीन दिवस. तेव्हापासून माझा नियम आहे, की हातात बारा दिवसांपेक्षा कमी असतील तर देशांतर्गत विमान नाही.

तर नऊ दिवसांत माझ्या मते एकच दिशा धरा: पूर्व. ताना ते इंद्रींच्या जंगलालगतचं अंदासिबे, तिथे चार रात्री. मग त्याच रस्त्याने पुढे उतरून पांगालान कालव्याकाठी दोन रात्री. परत ताना, आणि घरी. बाओबाब, त्सिंगी, नोसी बे, तिन्ही खोडा. बाओबाब अगदीच बघायचे असतील तर एखाद्या रविवारी वसईच्या किल्ल्यात जाऊन गोरखचिंचेला मिठी मारून या. ती बाओबाबच, फक्त आफ्रिकेतली जात. जगात बाओबाबच्या आठ जाती धरतात, त्यांतल्या सहा फक्त मादागास्करात. तो उंच गुळगुळीत खांबासारखा, मोरोंडाव्याच्या फोटोतला, त्या सहांपैकी एक.

अंदासिबे तानाहून दीडशे किलोमीटरही नाही. पण देशाचं मुख्य बंदर तोआमासिना याच रस्त्याच्या शेवटी आहे, त्यामुळे कंटेनरच्या ट्रकांमागे रांगत जायचं. चार तास धरा, पाच लागले तर चिडू नका. ‘मुरा मुरा’ हा शब्द पहिल्याच दिवशी शिकाल. हळू हळू, सावकाश. ड्रायव्हर हसत म्हणतो, आणि दोन दिवसांनी आपणही म्हणायला लागतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे इंद्री. हयात लेमूरांमधला हा सगळ्यात मोठा. काळा-पांढरा, टेडीसारखे कान, शेपूट म्हणजे नुसतं बोंड. वजन सहा ते साडेनऊ किलो. पाला खातो, मागच्या पायांच्या जोरावर एका खोडावरून दुसऱ्या खोडावर उभ्याउभ्या झेप घेतो. हा प्राणी प्राणिसंग्रहालयात जगत नाही. जिथे जिथे ठेवायचा प्रयत्न झाला तिथे तो मेला. त्यामुळे तो बघायचा तर पूर्व मादागास्करच्या ओल्या जंगलात जायचं, दुसरा उपाय नाही.

पहाटे साडेसहाला अनालामाझाओत्राच्या फाटकाशी या. अंदासिबेच्या राष्ट्रीय उद्यानाचा हा छोटा तुकडा, जेमतेम आठ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या दहाव्या भागाएवढाही नाही. धुकं असतं. झाडांवरून पाणी ठिबकत असतं. गाईड पुढे, आपण मागे, आणि पहिला तासभर काहीच दिसत नाही. मग डोक्यावर कुठेतरी घसा खाकरल्यासारखा, भुंकल्यासारखा आवाज येतो. कुटुंबातले सगळे एकदम तो काढतात. तो थांबतो न थांबतो तोच गाणं सुरू होतं. लांब, वर चढत जाणारा आणि मग तुटून खाली घसरणारा सूर, एकीचा संपायच्या आत दुसऱ्याचा. भोंगा आणि सनई यांच्या मधलं काहीतरी. ते छातीत वाजतं, कानात नाही. दोन-तीन मिनिटांत संपतं, आणि मग पलीकडच्या टेकडीवरून दुसरं कुटुंब उत्तर देतं. हा आवाज दोन-दोन किलोमीटर जातो. २०२१ मध्ये संशोधकांनी या गाण्यात माणसाच्या संगीतासारखी ठरावीक लय असल्याचं दाखवून दिलं. माझ्या गटात एकदा गिरगावातले एक तबला शिकवणारे काका होते. ते मांडीवर मात्रा मोजत उभे होते, फोटो काढायचे विसरले.

सासूबाईंची काळजी तुम्ही विशेष लिहिली आहे, म्हणून हे नीट ऐका. वाटेवर पायऱ्या आहेत, त्या शेवाळलेल्या असतात, आणि इंद्री पुढे सरकला की गाईड वाट सोडून झुडपात घुसतो. त्यांनी पहिला तास यावं, मग फाटकाशी परतावं. सोबतीला दुसरा गाईड घ्या, त्याचे पैसे फार नाहीत. आणि गाणं ऐकायला जंगलात शिरावंच लागत नाही. उद्यानाला लागून असलेल्या लॉजच्या व्हरांड्यात चहा घेता घेता ते ऐकू येतं. गुडघे दुखणाऱ्या दोन आजींनी माझ्यासोबत चारही सकाळी असंच ऐकलं, आणि शेवटी आम्हाला सांगायच्या की आज डावीकडचं कुटुंब उशिरा उठलं.

स्थानिक लोक इंद्रीला ‘बाबाकूतू’ म्हणतात. मधासाठी झाडावर चढलेला मुलगा माशा चावल्या म्हणून हात सुटून पडला, आणि इंद्रीने त्याला अलगद झेललं, अशी गोष्ट सांगतात. म्हणून त्याची शिकार ‘फादी’, म्हणजे निषिद्ध. फादी गावागणिक बदलते. कुठे एखाद्या वारी शेतात काम करायचं नाही, कुठे एखाद्या जागेकडे बोट दाखवायचं नाही. आपल्या देवराईतून लाकूड तोडायचं नाही, तसलाच प्रकार. गाईड ‘फादी’ म्हणाला की वाद घालायचा नाही. पण या धाकाने सगळं वाचलेलं नाही. लेमूरांच्या शंभरावर जाती, सगळ्या फक्त याच बेटावर, आणि २०२० च्या जागतिक यादीनुसार त्यांतल्या जवळजवळ सगळ्याच कमी-अधिक धोक्यात. ‘तावी’ नावाची फिरती शेती, म्हणजे रान जाळून भात लावणं, आणि कोळशासाठी तोड, ही मुख्य कारणं. तानाहून येताना दोन्ही बाजूंना बोडक्या टेकड्या आणि रस्त्याकडेला कोळशाची पोती दिसतील. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी तिचा विरस होईल.

चार रात्री का, तर एक सकाळ इंद्रीची, एक अख्खा दिवस मोठ्या मांताडिया जंगलाचा, एक दिवस पावसाचा, तो येतोच, आणि रोज संध्याकाळ रस्त्याकडेची. राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर जाऊ देत नाहीत. रात्रीची फेरी बाहेरच्या रस्त्याने किंवा गावकऱ्यांनी राखलेल्या जंगलात होते. तुमच्या मुलीला हीच सगळ्यात आवडेल, हे मी लिहून देते. जगातल्या शॅमेलिऑनच्या जातींपैकी जवळपास निम्म्या इथे. आपल्या घोयऱ्या सरड्याचे हे भाऊबंद दिवसा दिसता दिसत नाहीत, पण रात्री झोपले की अंगाचा रंग फिका पडतो आणि टॉर्चच्या उजेडात फांदीच्या टोकावर पांढुरकं काहीतरी लटकलेलं दिसतं. शेपटीची गुंडाळी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. एकदा डोळा बसला की मुलं मोठ्यांच्या आधी शोधतात. आमच्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने एका फेरीत चौदा मोजले, गाईडचे अकरा. सगळ्यांना हेडलॅम्प घ्या, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. हात मात्र लावायचा नाही.

हात लावण्यावरून आठवलं. खांद्यावर लेमूर बसवून फोटो काढायला देणाऱ्या खासगी जागा आहेत. केळ्याचा तुकडा दाखवतात, लेमूर उडी मारतो, फोटो होतो. मी नेत नाही. तसले फोटो बघून लेमूर पाळायची हौस वाढते, आणि त्यासाठी पिल्लं जंगलातून धरली जातात.

याच न्यायाने पांगालानबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. अंदासिबेहून समुद्राच्या दिशेने उतरलं की मानांबातो, तिथून तासाभराची होडी आणि अंपिताबे तळ्याकाठचं पाल्मारियम नावाचं खासगी जंगल. इथले लेमूर बाहेरून आणून सोडलेले, माणसाळलेले. जेवणाच्या टेबलाभोवती फिरतात. जंगल म्हणून मी त्याला फार गुण देणार नाही. पण इथल्या एका छोट्या बेटावर रात्री आय-आय नावाचा निशाचर लेमूर दिसतो, आणि रानात तो दिसायला नशीब लागतं. वटवाघळाचे कान, उंदरासारखे वाढत राहणारे दात, आणि मधलं बोट काडीएवढं बारीक. त्या बोटाने लाकडावर टकटक करतो, आतल्या पोकळीचा अंदाज घेतो, दातांनी भोक पाडतो आणि तेच बोट घालून अळी ओढून काढतो. तिथे त्याला नारळ ठेवतात. नारळ पोखरून आतलं खोबरं बोटाने खरवडताना बघितलं की कोकणातला माणूस हसल्याशिवाय राहत नाही. गावोगावी मात्र त्याला अपशकुनी समजून मारतात. दुसरं म्हणजे सासूबाईंना आणि तुम्हाला तिथे दोन दिवस नुसतं पाण्याकाठी बसायला मिळेल. नोसी बेची भरपाई समजा.

दिवाळी की मे? दिवाळी, डोळे मिटून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उन्हाळा सुरू होतो, सरपटणारे प्राणी बाहेर पडतात, बऱ्याच लेमूरांच्या अंगावर पिल्लं असतात. मे म्हणजे तिथली थंडीची सुरुवात. इंद्री तेव्हाही गाईल, पण रात्रीची मजा अर्धी होते. जाड शेपटीचा ड्वार्फ लेमूर तर शेपटीत चरबी साठवून ढोलीत सात-सात महिने झोपून काढतो. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे, तेव्हा जाऊच नका. अंदासिबे माथेरानपेक्षा थोडं उंच आहे, दिवाळीतही पहाटे स्वेटर लागतो. ‘उष्ण कटिबंध’ वाचून नुसते कॉटनचे कपडे भरणारे दर गटात दोघं तरी असतात.

आता तिकीट, आणि इथे घाई करू नका. मुंबईहून थेट विमान नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण केनिया आणि इथिओपिया हे यलो फिव्हरचे देश. तिथून परतताना मुंबईत लशीचं पिवळं कार्ड मागतात, आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळी आहे. साठीच्या पुढे या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर ती विचार करूनच देतात. केवळ विमान बदलण्यासाठी सासूबाईंना ती टोचायची कशाला? मॉरिशसमार्गे जा, किंवा दुबई-सेशेल्समार्गे. चार पैसे जास्त लागतील, लागू देत. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा, म्हणजे एक विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची. मलेरिया मात्र सगळ्या बेटावर आहे, किनाऱ्याकडे जास्त. गोळ्या निघायच्या आधी सुरू कराव्या लागतात. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत ते राहून जातं, म्हणून डॉक्टरांना आत्ताच भेटा.

शाकाहाराचं फार मनावर घेऊ नका. हा भात खाणारा देश आहे, तिन्ही त्रिकाळ भात. पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात गावातल्या खानावळीतही मिळतो, शिवाय टोमॅटो-कांद्याची लासारी, म्हणजे आपली कोशिंबीरच, आणि ‘साकाय’ नावाचा मिरचीचा ठेचा. जेवणानंतर भाताच्या करपलेल्या खरपुडीत पाणी उकळून देतात, ते नक्की प्या. रस्त्यावर ‘सांबूस’ मिळतात. ते आपले सामोसे, बहुधा गोमांसाच्या खिम्याचे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळचे गुजराती व्यापारी आहेत, ‘काराना’ म्हणतात त्यांना. ‘त्सी मिसी हेना’ म्हणजे ‘मांस नसलेलं’, एवढं पाठ करा. तरी उसळीत कधी मांसाचा तुकडा निघतो, तेव्हा विचारूनच घ्या. घरून मेतकूट, लोणचं आणि दोन दिवसांचे ठेपले. बाकी काही नको, बॅगा हलक्या राहू द्या.

पैशाचं गणित उलटं आहे. राहणं-जेवणं स्वस्त, गाडी महाग. ड्रायव्हर आणि डिझेलसकट चांगली फोर-व्हील ड्राइव्ह हाच सगळ्यात मोठा खर्च. तिथे काटकसर करू नका, सासूबाईंची पाठ त्या गाडीवर अवलंबून आहे. सोबत रोख युरो न्या आणि विमानतळावरच त्यांचे आरियारी, म्हणजे तिथलं चलन, करून घ्या. सगळ्यात मोठी नोट २०,००० ची, आणि तिची किंमत आपल्या चारशे रुपयांच्या आसपास. त्यामुळे नोटांची गड्डी बाळगावी लागते. उद्यानाचं तिकीट, गाईड, होडी, सगळं रोखीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी आणि विजेच्या टंचाईवरून तानात मोठी आंदोलनं झाली आणि सरकारच बदललं. म्हणून निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना बघा, आणि तानात रात्री उगाच पायी भटकू नका. शहरातला मुक्काम तसाही एक-एक रात्रीचाच ठेवा.

राहिला नणंदबाईंचा मुद्दा. मॉरिशस सुंदर आहे, आणि नुसता आराम हवा असेल तर त्यांचंच बरोबर. पण तुमच्या लेकीला मुलुंडच्या सोसायटीतच एक फेरी मारायला लावा. फाटकाशी गुलमोहर असेल, तो मादागास्करचा. कुंडीतली सदाफुली मादागास्करची, जिच्यापासून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध मिळालं. लॉबीतला अरेका पाम तिथलाच. बागेत पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम असेल तर तोही. आणि सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, सह्याद्रीचा लाव्हा वाहायच्याही आधी, ते बेट आणि आपली भूमी एकमेकांना चिकटून होते. ही चारही झाडं माणसांनी आणली, त्या जुन्या जोडणीशी त्यांचा संबंध नाही. हे तिला नीट सांगा, नाहीतर शाळेत जाऊन भलतंच ठोकून देईल. अंदासिबेहून समुद्राकडे उतरताना ट्रॅव्हलर्स पाम टेकडीभर दिसतील. तिथे गाडी थांबवून तिला विचारा, हे झाड कुठे बघितलंय.

इथून तिथल्या गाडीवाल्याशी बोलणी करताना ‘रोज किती तास रस्त्यात’ हा प्रश्न प्रत्येक दिवसाला वेगळा विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आलेल्या आकड्यात दीड तास मिळवा. तरी सहाच्या वर जात असेल तर तो मुक्काम बदला.